ओढ्याच्या तोंडापासून उलटं चालायचं: नदीत घाण कुठून येते ते शोधायची माझी रीत

दर वर्षी फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला मला एक फोन येतो. "बाई, बंधाऱ्यावर मासं तरंगायलेत. येताय न्हवं?" मी शिरोळ तालुक्यातल्या एका हायस्कुलात एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. निवृत्त झाल्यावर लोक मला ओढ्याच्या बाई म्हणायला लागले, कारण हातात बाटल्या घेऊन ओढ्याकाठानं हिंडणारी साठीतली बाई पंचक्रोशीत दुसरी कुणी नाही.

बंधाऱ्यावर गेलं की चित्र ठरलेलं असतं. कठड्याला टेकून वीस-पंचवीस माणसं उभी, त्यातली दहा मोबाइलवर शूटिंग करणारी. खाली काळसर पाण्यावर पांढरी पोटं. एकजण म्हणतो साखर कारखान्याची मळी, दुसरा म्हणतो इचलकरंजीच्या कापड-प्रोसेसचं पाणी, तिसरा म्हणतो कोल्हापूरचं गटार. तिघेही थोडे थोडे बरोबर असतात. पण "नक्की कुठून?" असं विचारलं की तिघेही हात वर करून नदीच्या वरच्या अंगाला दाखवतात.

पहिली गोष्ट समजून घ्या. मासे मरतात तिथे घाण शिरलेली असतेच असं नाही. पंचगंगा प्रयाग चिखलीला कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती एकत्र येऊन सुरू होते आणि सुमारे ८० किलोमीटर वाहून नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. एवढ्याशा अंतरात राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ असे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा सरला की बंधाऱ्यात बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालतात आणि नदीची ओळीनं डबकी होतात. प्रत्येक डबक्याच्या तळाला घाण बसते, सडते, पाण्यातला प्राणवायू खाते. मग वरून धरणाचं आवर्तन सुटतं किंवा कुणीतरी वरचे बरगे काढतं, आणि तो सगळा काळा साठा एका दमात खालच्या फुगवट्यात येतो. तेरवाडला मासे मेले म्हणून तेरवाडचा ओढा शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. ती घाण तीन आठवड्यांपूर्वी चार ठिकाणांहून आलेली असू शकते.

म्हणून माझी रीत साधी आहे. नदीवर तपास करायचा नाही, तपास ओढ्यावर करायचा. ओढा जिथे नदीला मिळतो त्या तोंडापासून सुरुवात करायची आणि पाण्याच्या उलट चालत जायचं. प्रत्येक फाट्याला थांबायचं, विचारायचं: घाण डावीकडून आली की उजवीकडून? एकदा का उत्तर मिळालं की तो फाटा धरून पुढे. नदी कुठलीही असो, मुळा, गोदावरी, वैनगंगा नाहीतर तुमच्या गावामागचा नावही नसलेला नाला, रीत तीच.

निघण्याआधी

गावचा नकाशा तलाठ्याकडे मिळतो, पण ओढे शोधायला मला मोबाइलवरचं उपग्रहाचं चित्र जास्त उपयोगी पडतं. उन्हाळ्यातलं चित्र बघा. सगळं रान पिवळं असताना जी रेघ हिरवीगार दिसते, तिथे बारमाही पाणी आहे. आणि पाऊस नसताना ओढ्याला बारमाही पाणी असेल तर ते झऱ्याचं तरी आहे, उसाच्या पाझराचं तरी आहे, नाहीतर कुणीतरी सोडलेलं आहे. वहीत हाताने नकाशा काढा. ओढ्याला मिळणारा प्रत्येक फाटा, प्रत्येक गटार, रस्त्याखालची प्रत्येक मोरी. त्यांना नंबर द्या. ओढ्यांची नावं गावागणिक बदलतात आणि पुढे भांडण होतं, नंबराचं होत नाही.

सामान फार लागत नाही. अर्ध्या लिटरच्या एकसारख्या, झाकण घट्ट बसणाऱ्या दहा-बारा बाटल्या. पीएच, म्हणजे पाणी आम्ल आहे की अल्कधर्मी, ते मोजायच्या पट्ट्या. पेनासारखा टीडीएस मीटर, तो तीन-चारशे रुपयांत मिळतो. साधा थर्मामीटर. दोरी बांधलेली छोटी बादली, म्हणजे पाण्यात उतरावं लागत नाही. जाड रबरी हातमोजे, गमबूट, लिंबू (सांगते का ते) आणि मत्स्यालयाच्या दुकानातून मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाची एक बाटली. वही आणि पेन्सिल, कारण शाईपेनाचं लिखाण पहिल्या शिंतोड्याला पुसतं.

एकटं जाऊ नका. पाण्याची चव घेऊ नका, हे सांगायला लागतं कारण मी घेणारे बघितलेत. पायाला जखम असेल तर त्या दिवशी घरी बसा. बंद नाल्यात, चेंबरमध्ये डोकं घालू नका. कुजक्या अंड्याचा वास देणारा वायू जास्त झाला की नाकाला त्याचा वास येणंच बंद होतं आणि माणसाला वाटतं, गेला वास. आणि कुणाच्या कुंपणाच्या आत पाऊल टाकू नका. तुमचं काम ओढ्यात चालतं, आत जाण्याचा अधिकार तुम्हाला नाही आणि त्याची गरजही पडत नाही.

कधी जायचं

सकाळी दहाला चहा पिऊन निघणाऱ्याला ओढा नेहमी बरा दिसतो. पहाटे जा, उजाडायच्या आधी पोचा. याला दोन कारणं आहेत. एक, ज्याला चोरून सोडायचं असतं तो रात्री सोडतो, रविवारी सोडतो, आणि सगळ्यात जास्त पहिल्या वळवाच्या पावसात सोडतो, कारण गढूळ पाण्यात सगळं खपून जातं. दुसरं कारण शेवाळाचं. शेवाळ आणि पाणवनस्पती दिवसा प्राणवायू तयार करतात आणि रात्री तोच वापरतात. त्यामुळे दुपारी तीनला मोजलेला प्राणवायू झकास येतो आणि पहाटे पाचला तिथेच मासे तोंड वर काढून धापा टाकत असतात. दुपारचा एकच आकडा दाखवून "नदी ठणठणीत आहे" म्हणणाऱ्याला विचारा, मोजलं किती वाजता?

नदीत आंघोळीसाठी वापरायच्या पाण्यात लिटरमागे निदान ५ मिलिग्रॅम प्राणवायू असावा असा निकष आहे. पंचवीस अंश तापमानाला स्वच्छ पाण्यात जास्तीत जास्त आठच्या आसपास मावतो. म्हणजे हाताशी फक्त तीनेक मिलिग्रॅमची सूट असते.

प्रत्येक फाट्याला तीन बाटल्या

फाटा मिळतो त्याच्या वर एक, खुद्द फाट्यात एक आणि दोन्ही पाणी मिसळल्यानंतर खाली एक. खालची बाटली भरताना लोक चुकतात. फाट्याचं पाणी लगेच मिसळत नाही, काठाकाठानं वेगळी रेघ धरून बरंच लांब जातं. कधी कधी ती रेघ पुलावरून स्पष्ट दिसते. रेघ पुसली जाते तिथे पाणी भरा, किंवा दोन्ही काठांजवळ आणि मध्ये असं तीनदा भरा.

बाटली त्याच पाण्याने दोनदा विसळायची, मग तोंड बुडवून काठोकाठ भरायची, आत हवेचा बुडबुडा राहता कामा नये. बाटलीवर नंबर, तारीख, वेळ. घरी गेल्यावर लिहू म्हणणाऱ्याच्या बाटल्यांचं पुढे लोणचं होतं. तापमान, पीएच, टीडीएस जागेवरच मोजायचं.

टीडीएस मीटरबद्दल एक गैरसमज आहे. तो घाण मोजत नाही, पाण्यात विरघळलेले क्षार मोजतो. साखर विरघळवलेल्या पाण्यात घाला, काटा फारसा हलणार नाही. मिठाच्या पाण्यात घाला, उडी मारेल. त्यामुळे आकडा मोठा की लहान यापेक्षा आकडा कुठे अचानक बदलला ते बघायचं. ओढ्यात चालत चालत ३०० ते ३२० असं चाललेलं असताना एका मोरीखाली एकदम १४०० आलं तर त्या मोरीच्या मागे कोण आहे ते शोधायला हवं. थर्मामीटरचंही तसंच. जानेवारीत पहाटे ओढा गार असतो. एखादा फाटा कोमट लागला तर त्याच्या मागे बॉयलर किंवा थंडाव्यासाठी पाणी फिरवणारं यंत्र असणार. थर्मामीटर वीस सेकंदांत ते सांगतो.

पाणी वाचायला शिका

*सांडपाणी* करड्या रंगाचं, साबणाचा आणि संडासाचा मिळून एक वास. शिळं झालं की काळं पडतं आणि कुजक्या अंड्यासारखं येतं. पावसाळ्यात विरळ होतं, रोज सकाळी सात ते नऊ वाढतं, कारण गाव तेव्हा आंघोळ करतं. वेळेची ही नाडी दिसली की डोळे मिटून सांगा, वस्ती आहे.

*साखर कारखाना* नोव्हेंबर ते मार्च, गाळप सुरू असेतोवर. आंबूस-गोडसर वास, मिलच्या धुण्याचं तेल. पण खरी खूण दगडांवर असते. दगडाला, फांदीला, प्लॅस्टिकच्या पिशवीला करड्या कापसासारखे बुळबुळीत तंतू धरलेले दिसतात, प्रवाहात शेपटीसारखे हलतात. ते शेवाळ नाही, साखरेवर आणि तशाच सेंद्रिय घाणीवर माजणारे जीवाणू आहेत. पाणी चार दिवसांपूर्वी वाहून गेलं तरी ते तंतू जागेवर असतात. अधिकारी आल्यावर पाणी स्वच्छ दिसलं तरी तंतूंचा फोटो बोलतो.

*मद्यार्काच्या कारखान्याचं सांडपाणी* वेगळं. काळ्या चहासारखा तपकिरी रंग, जळक्या गुळाचा वास. याची ताकद समजण्यासाठी एक गणित करा. सेंद्रिय घाण मोजायची पद्धत म्हणजे बीओडी, ती घाण कुजवताना जीवाणू किती प्राणवायू खातील त्याचा आकडा. घरगुती सांडपाण्याचा बीओडी लिटरमागे अडीचशे मिलिग्रॅमच्या आसपास. प्रक्रिया न केलेल्या या पाण्याचा चाळीस-पन्नास हजार. म्हणजे दहा हजार लिटरचा एक टँकर रात्री ओढ्यात ओतला तर १६ लाख लिटर गटाराएवढी घाण झाली. पाच हजार वस्तीचं खेडं, माणशी ५५ लिटर पाणी आणि त्यातलं ऐंशी टक्के गटारात जातं असं धरा, रोजचं सव्वादोन लाख लिटर. त्या गावाला एवढी घाण करायला सात दिवस लागतील. टँकरला वीस मिनिटं पुरतात.

*कापडाचं पाणी* हा आमच्याकडचा मोठा विषय, म्हणून इथे जरा थांबते. लोकांना भीती रंगाची वाटते. ओढा लाल वाहिला की बातमी होते, निळा वाहिला की बातमी होते. पण मासे गुदमरतात ते बहुतेक वेळा रंगामुळे नाही, खळीमुळे. यंत्रमागावर चढवण्याआधी सुताला सायझिंगमध्ये खळ लावतात, म्हणजे स्टार्च, जेणेकरून धागा तुटू नये. विणून झाल्यावर प्रोसेसमध्ये तीच खळ धुऊन काढतात. धुतलेलं पाणी रंगानं मळकट पांढरं, भाताच्या पेजेसारखं, दिसायला अगदी निरुपद्रवी. आणि कापडाच्या सगळ्या धुलाईत प्राणवायू खाणाऱ्या घाणीचा मोठा वाटा या पेजेचाच असतो. त्यानंतर कॉस्टिक सोड्यात कापड उकळतात, ते पाणी पट्टीवर पीएच दहाच्या वर दाखवतं. मग रंगाई, तिथे मीठ लागतं, म्हणून टीडीएस चढतो. म्हणजे एकाच नाल्यात पट्टी, मीटर आणि डोळा तिघं मिळून सांगतात की आता कोणता टप्पा सुरू आहे. पेजेसारखं पाणी दिसलं आणि तुम्ही "रंग नाही, ठीक आहे" म्हणून पुढे गेलात तर मुद्देमाल सोडून चाललात.

दूध संकलनाचं किंवा डेअरीचं धुण्याचं पाणी पांढुरकं, ताक आंबल्याचा वास. गॅरेजचं तेल. पोल्ट्री. हे छोटे असतात, पण कोरड्या ओढ्यात छोटाही पुरतो.

*शेत* शोधायला सगळ्यात अवघड, कारण त्याला पाइप नसतो. उसाला पाट सोडला की युरिया आणि शेणखत पाझरत सगळ्या काठानं येतं. खूण म्हणजे जलपर्णी आणि हिरवंगार शेवाळ. फाट्याफाट्यानं शोधत गेलात आणि आकडा कुठेच उडी मारत नाही, सावकाश चढतच जातो, तर ते शेत आहे. आमच्या भागात हे बोललेलं आवडत नाही, कारण कठड्याला टेकून कारखान्याला शिव्या घालणाऱ्या वीसांपैकी अठरा ऊस लावतात. मीही लावते, दीड एकर.

घाटावर धुणं धुणाऱ्या बायका आणि म्हशी धुणारे पोरगे हे सगळ्यांचे आवडते आरोपी. पाटी त्यांच्यासाठीच लावलेली असते. तुम्ही एकदा बाटली त्यांच्या वर आणि खाली भरून बघा आणि मग शेजारच्या नाल्याची भरा. पुढे काही सांगावं लागणार नाही.

दोन फसव्या गोष्टी. फेस दिसला की डिटर्जंट असेलच असं नाही. पाला कुजूनही फेस येतो, तो पिवळसर, मातकट वासाचा आणि काठीनं ढवळला की मोडतो. साबणाचा पांढराशुभ्र, टिकणारा. आणि साचलेल्या पाण्यावर इंद्रधनुषी तवंग दिसला तर काठी मारा. तुकडे होऊन काचेसारखा फुटला तर तो लोहजीवाणूंचा, नैसर्गिक. पुन्हा फिरून एक झाला तर तेल.

निळ्या थेंबाची परीक्षा

प्रयोगशाळेत बीओडी काढायला आपल्याकडे पाण्याची बाटली २७ अंशांवर तीन दिवस ठेवतात. तेवढी सोय घरात नाही. पण आमच्या भागात दूध घालणाऱ्या कुणालाही एमबीआरटी माहीत असते: दुधात मिथिलीन ब्लू टाकायचं आणि निळा रंग किती वेळात उडतो ते बघायचं. लवकर उडाला तर जंतू जास्त. तीच युक्ती ओढ्याच्या पाण्याला लागू पडते, आणि नाले तपासणारे लोक ती फार पूर्वीपासून वापरत आलेत.

बाटल्या काठोकाठ भरलेल्या. प्रत्येकीत मिथिलीन ब्लूचा एकच थेंब, एकसारखा. झाकण बंद, बुडबुडा नको. एकदा उलटी-सुलटी करा आणि अंधाऱ्या कपाटात ओळीनं ठेवा. पाणी फिकं निळं दिसेल. आत प्राणवायू आहे तोवर निळं राहतं. जीवाणूंनी तो संपवला की रंग उडतो.

पहिल्यांदा मी हे केलं तेव्हा नववीतल्या चार मुली माझ्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसल्या होत्या. सहा बाटल्या ओट्याखालच्या कप्प्यात. दर दोन तासांनी दार उघडून बघायचं ठरलं होतं, पण पोरी दर दहा मिनिटांनी उघडत होत्या. चार नंबरची बाटली, म्हणजे गावाच्या गटाराची, दुपारच्या जेवणाआधीच तळापासून फिकी व्हायला लागली आणि चार वाजेपर्यंत पुन्हा मूळच्या मळकट रंगावर आली. एक नंबर, ओढ्याच्या उगमाकडची, पाचव्या दिवशीही निळी होती. त्यांतल्या एकीनं चार नंबरचं झाकण उघडून अर्धं पाणी ओतलं आणि बाटली जोरात हलवली. पाणी परत निळं झालं. "बाई, जिवंत झालं!" हवा मिळाली की रंग परत येतो. मी वर्गात प्राणवायू अनेक वर्षं शिकवला होता, तो दिसतो असं मला त्या दिवशी वाटलं.

तास लिहून ठेवा: नंबर १, पाच दिवस टिकला, नंबर ४, सात तास. हा आकडा प्रमाणित नाही, कोर्टात चालणार नाही, पण कोणत्या फाट्याला आधी जायचं ते सांगतो. एक धोका लक्षात ठेवा. पाण्यात विष असेल, ब्लीचिंग किंवा तीव्र रसायन, तर जीवाणूच मरतात, आणि बाटली निळीच राहते. शिवाय ब्लीचिंगनं कधी निळा रंगच उडतो. म्हणून पीएच आणि वास यांच्याबरोबरच निकाल वाचायचा. रंगीत पाण्यात ही परीक्षा करू नका. हातमोजे घाला, माझ्या ओट्यावरचा डाग अजून गेलेला नाही.

दगड उलटा

बाटली त्या क्षणाचं सांगते, दगड गेल्या महिन्याचं सांगतो. वाहत्या पाण्यातला मुठीएवढा दगड उचला, खालची बाजू बघा. तीन शेपट्यांच्या चपट्या अळ्या, वाळूचे कण चिकटवून नळीसारखं घर करणाऱ्या अळ्या दिसल्या तर पाणी चांगलं; त्यांना प्राणवायू भरपूर लागतो. तांबड्या धाग्यासारखे किडे आणि लाल अळ्याच असतील तर प्राणवायू कमी. आणि काही नाही, फक्त उंदरासारखी लांब शेपूट असलेल्या अळ्या असतील, तर पाण्यात प्राणवायू जवळजवळ संपलाय. ती शेपूट म्हणजे श्वासाची नळी, ती पाण्याबाहेर काढून जगते. फाट्याच्या वर तीन शेपटी आणि खाली लाल अळ्या, एवढी नोंद एका फोटोसह पुरे होते.

मासळीही तेच सांगते, पण उशिरा. चिलापी तगते, मागूर हवेतून श्वास घेतो. त्यामुळे "मासे आहेत की" याला अर्थ नाही, कोणते आहेत ते विचारा.

लिंबू

आता लिंबाचं. नाला किती घाण आहे एवढ्यानं भागत नाही, किती वाहतो तेही हवं. सरळ दहा मीटर अंतर मोजा, लिंबू सोडा, घड्याळ लावा. लिंबू का, तर ते जवळजवळ बुडून तरंगतं, वाऱ्यानं पळत नाही, आणि हरवलं तरी हळहळ नाही. समजा चाळीस सेकंद लागले. म्हणजे सेकंदाला पाव मीटर. वरचं पाणी तळापेक्षा पळतं म्हणून ०.८ ने गुणा: ०.२. ओढा एक मीटर रुंद आणि सरासरी पंधरा सेंटिमीटर खोल, तर ०.१५ गुणिले ०.२, सेकंदाला ३० लिटर. दिवसाला जवळजवळ २६ लाख लिटर!

गावाचं सांडपाणी सव्वादोन लाख होतं. मग बाकीचं तेवीस-चोवीस लाख कुणाचं? इथून खरा तपास सुरू होतो. पाझर असेल, झरा असेल, वरची वसाहत असेल. पाइपमधून पडत असेल तर आणखी सोपं: बादली धरा, भरायला किती सेकंद ते बघा.

माझी चूक

एका ओढ्यावर मी दोन महिने एका युनिटवर संशय धरला होता. नाव सांगत नाही, आणि पुढे वाचल्यावर का ते कळेल. दर आठवड्याला एका पुलाखाली पाणी एका रात्रीत काळं व्हायचं, टीडीएस चढायचा, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उतरायचा. युनिट पुलाच्या वर, अर्ध्या किलोमीटरवर. मी वहीत लाल पेन्सिलनं त्याच्याभोवती गोल करून ठेवला होता. चार जणांना बोलूनही झालं होतं.

मग युनिटच्या खाली आणि पुलाच्या वर अशी एक बाटली भरायची राहिली होती, ती भरली. स्वच्छ. म्हणजे घाण शेवटच्या दोनशे मीटरांत शिरत होती. तिथे काहीच नव्हतं, एक पाणंद फक्त. पाणंदीच्या तोंडाशी वस्ती होती, तिथल्या म्हातारीला विचारलं. ती म्हणाली, "आगं, संडासाची टाकी उपसनारी गाडी येतीया की. रातचं. तुमच्याच गावची घाण हाय ती." आमच्याच. माझ्या घराची टाकी गेल्या वर्षी उपसली तेव्हा मी पैसे दिले, पावती घेतली नाही, आणि गाडी पुढे कुठे जाते ते विचारलं नव्हतं.

तेव्हापासून दोन नियम. संशयिताच्या वर आणि खाली दोन्हीकडे बाटली भरल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. आणि काठावर राहणाऱ्या म्हातारीला पहिल्या दिवशी विचारायचं, शेवटच्या नाही. बंधाऱ्यावर बरगे घालणारा माणूस, नदीतून पाणी उपसणाऱ्या जॅकवेलवरचा पंपवाला, मासेमारी करणारे, पहाटे म्हशी सोडणारे, यांना वेळा पाठ असतात. वहीत त्यांचं नाव लिहू नका, फक्त काय सांगितलं ते लिहा. त्यांना त्याच गावात राहायचं असतं.

दिसत नाही ते

२०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, दूषित पाण्यातून पसरणारी. अशा साथीचं पाणी काळं असावं लागत नाही. आवर्तन सुटल्यावर नदी नितळ दिसते आणि लोक कळशी भरतात. काळी पडणारी बाटली, म्हणजे पाण्यात मैल्याचे जंतू असले की दिवस-दोन दिवसांत काळी होणारी चाचणी, ग्रामपंचायतीत मिळू शकते. ती नदीला लावून वाया घालवू नका, नदीत काळी होणारच. ती ओढ्याकाठच्या विहिरींना आणि बोअरला लावा.

तक्रार

तुमच्या बाटलीनं कुणावर खटला होत नाही. १९७४ च्या पाणी प्रदूषण कायद्याच्या कलम २१ प्रमाणे नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्यानं घ्यायचा, संबंधिताला तिथेच नोटीस द्यायची, त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करून सील करायचे, सह्या घ्यायच्या. तुमचं काम त्या अधिकाऱ्याला बरोबर मोरीवर, बरोबर वेळेला उभं करणं. म्हणून तक्रारीत "नदी प्रदूषित झाली आहे" असं वाक्य घालू नका. असं लिहा: फाटा क्रमांक ७, अमुक रस्त्याच्या मोरीखाली, गेल्या सहा आठवड्यांत चार वेळा, रविवारी पहाटे तीन ते सहा, पीएच इतका, वरच्या बाजूला इतका, फोटो सोबत. मोबाइलच्या फोटोत जागा आणि वेळ नोंदली जाईल असं सेटिंग आधीच करून ठेवा. अर्ज महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाला, प्रत ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला, आणि पोच घ्या. घाण गावाच्या गटाराची असेल तर मुख्य अर्जच त्यांच्या नावे करायचा.

उद्योग असेल तर त्याला मंडळानं दिलेलं संमतीपत्र मागवा, माहितीच्या अधिकारात मिळतं, काही मंडळाच्या संकेतस्थळावरही असतात. त्यात लिहिलेलं असतं रोज किती पाणी सोडायची मुभा, कुठे, किती बीओडीपर्यंत. मग लिंबाचं गणित काढा आणि शेजारी ठेवा. संमतीपत्रात "सर्व पाणी शेतीला" असं असेल आणि ओढ्यात पाइप असेल तर पुढचं बोलणं फार छोटं होतं. पुढे जायचंच ठरलं तर हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम खंडपीठ पुण्यात आहे, पण तिथे वहीशिवाय जाऊ नका.

तपास एकदा करून सोडला तर काही उपयोग नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशातले ३११ नदीपट्टे दूषित म्हणून नोंदले गेले, त्यातले ५५ महाराष्ट्रातले, सगळ्या राज्यांत जास्त. चार वर्षांपूर्वीच्या, २०१८ च्या अहवालात आपले ५३ होते. एवढ्यांवर लक्ष ठेवायला माणसं पुरणार नाहीत. तुमचा एक ओढा तुम्ही घ्या. महिन्याला एक फेरी, शक्यतो त्याच तारखेला, त्याच नंबरांवर. गाळप सुरू व्हायच्या आधी एक जादा, बंद झाल्यावर एक. बरगे काढायची तारीख बंधाऱ्यावरच्या माणसाकडून आधी कळवून घ्या आणि आदल्या दिवशी पहाटे बाटल्या भरा, कारण नंतर सगळं खाली गेलेलं असतं. आणि मे महिन्यात वळवाचं आभाळ भरून आलं की गमबूट दाराशी काढून ठेवा.